एकडोळ्या मामा

माझा मामा खलनायक होता. हे मी आता रागानं म्हणत नाही. चार वर्षं रागानंच म्हणत होते, पण ते पुढे येईल. लोकांचे मामा भाचीला आंबे पाठवतात, जत्रेला नेतात, गालगुच्चे घेतात. माझ्या मामानं मला शिकवलं ते हे, की एखाद्याकडून काम करून घ्यायचं असेल तर त्याला ते काम चुकूनही सांगू नये. अशी उदात्त शिकवण देणारा मामा नशिबानंच मिळतो.

यवतमाळला एका सरकारी कचेरीत तो मोठा बाबू होता. फार्मसीच्या कॉलेजसाठी मी त्याच्याकडे राहायला गेले, तेव्हा मामी जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. निवृत्त होऊनही त्याची कचेरी सुटली नव्हती. दूधवाल्यानं पाणी जास्त घातलं तर मामा त्याला एक शब्द बोलायचा नाही. त्याच्यादेखत शेजारच्या काकूंना म्हणायचा, की तुमचा दूधवाला बदलू नका बरं, फार चांगला आहे. दुसऱ्या दिवशी आमच्या दुधावर साय यायची. याला तो 'प्रत माहितीस्तव' म्हणत असे.

माझ्या दुसऱ्या वर्षी त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी आली आणि डॉक्टरांनी टीव्ही, पेपर, मोबाईल सगळं बंद केलं. मामानं या आदेशाचा अर्थ असा लावला, की बंदी फक्त ऑपरेशन झालेल्या डोळ्याला आहे, दुसऱ्या डोळ्याला पूर्ण मोकळीक आहे. मी तेव्हा टीव्हीला मोबाईल जोडून एक जपानी अॅनिमे बघत असे, हिंदी डबिंगमधलं. शाळेतल्या एका पोराला भुतं दिसतात, आणि मेलेल्या आजीचा कंदील घेऊन तो त्यांच्याशी लढतो, अशी गोष्ट. मामा बाजूला बसून कुरकुरायचा, की एवढी पदवीची पोरगी अन् कार्टून काय बघून राह्यली.

पाचव्या भागात खलनायक आला. पांढरे केस, एका डोळ्यावर पट्टी, आणि आवाज असा की चहात साखर मागतोय. त्यानं तलवार काढली नाही की मंत्र म्हटला नाही. एका विहिरीवरून भांडणाऱ्या दोन भावांकडे गेला, थोरल्याला एक वाक्य सांगितलं, धाकट्याला एक वाक्य सांगितलं, आणि टेकडीवर जाऊन भात खात बसला. दोन्ही वाक्यं खरी होती. संध्याकाळपर्यंत त्या भावांच्या सावल्यांतून डोंगराएवढं भूत उठलं आणि गाव गिळायला लागलं. मामा उशी सोडून सरळ बसला. म्हणाला, "हा मानूस कचेरीत होता कुठंतरी."

झालं. त्या दिवसापासून कंदीलवाल्या पोराचं काय होतं याच्याशी मामाला देणंघेणं उरलं नाही. पोरगं रडायला लागलं की तो पाणी प्यायला उठायचा. खलनायकाचं जपानी नाव काही त्याच्या जिभेवर बसेना, म्हणून आम्ही त्याला एकडोळ्या म्हणायला लागलो, आणि मामाच्याही डोळ्यावर पट्टी असल्यामुळे ते नाव दोघांना मिळून चिकटलं. पट्टी निघाली, नाव राहिलं. सेवानिवृत्तीच्या शालीपेक्षा त्याला त्याचं कौतुक जास्त होतं.

एकडोळ्याच्या कामाचा तो रोज संध्याकाळी आढावा घ्यायचा. त्यातून दोन नियम निघाले, आणि ते त्यानं मला पाढ्यांसारखे पाठ करून घेतले. पहिला, खोटं बोलायचं नाही, कारण खोटं लक्षात ठेवावं लागतं. खरंच सांगायचं, फक्त कोणाला सांगायचं ते पाहून. दुसरा नियम त्याच्याच शब्दांत सांगते. "वाक्य अर्धं सोडाचं. पुढचं समोरचा लिहितो, अन् त्याच्याखाली सही बी तोच करतो."

हे नुसतं तत्त्वज्ञान नव्हतं, प्रात्यक्षिकही होतं. गल्लीतल्या गणपतीचा मांडव दरवर्षी मामाच्या दारात पडायचा आणि दहा दिवस कानात कापूस घालून बसावं लागायचं. एके दिवशी मंडळाचा अध्यक्ष समोरून चालला होता. मामानं त्याला थांबवून सांगितलं, की मागच्या वर्षी मोठे पुढारी दर्शनाला आले तेव्हा चहा माझ्याच ओट्यावर प्यायले, पेपरात फोटो आला तोही माझ्या दाराचा, आता ज्याच्या दारात मांडव… आणि फाटक लावून आत आला. तेवढंच. त्या वर्षी मांडव अध्यक्षांच्या दारात पडला, आणि 'जागा दिल्याबद्दल' मामानं त्यांचं अभिनंदनही केलं.

या खलनायकाचा कायमचा शत्रू म्हणजे माझे बाबा. बाबा नेरला हायस्कूलचे मुख्याध्यापक, सरळ रेघेचा माणूस. वैराची सुरुवात त्यांच्या लग्नातच झाली होती. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो. आईला धाकटा भाऊ नव्हता, म्हणून हे काम थोरल्या भावाकडे, म्हणजे मामाकडे आलं, आणि त्यानं ते कचेरीतल्या कामासारखं मनावर घेतलं. भर मांडवात बाबा ओरडले. व्हिडिओत तो आवाज अजून आहे. तेव्हापासून बाबांनी मामाला 'तुम्ही' म्हणणं सोडलं नाही आणि त्याचं एकही म्हणणं ऐकलं नाही. मामा म्हणाला अमरावती रोडला प्लॉट घ्या, बाबांनी दारव्हा रोडला घेतला. मामानं एकदा सहज सांगितलं, की फ्रिजमधल्या अन्नानं गॅस होतो. बाबा संध्याकाळी दोन दारांचा फ्रिज घेऊन घरी आले. फ्रिज आईला दोन वर्षांपासून हवा होता. मामाला आदल्या दिवशी आईचा फोन आला होता, हे मला माहीत होतं, कारण तो मीच उचलला होता.

एवढं माहीत असूनही पुढे जे झालं त्यात मी साफ फसले. स्वतःला हुशार समजणाऱ्या बाईनं हे लिहून ठेवलेलं बरं.

ते अॅनिमे मला दाखवलं होतं किशोरनं. किशोर माझ्या वर्गातला, फुलसावंगीजवळच्या एका तांड्यावरचा, बंजारा घरचा. कॉलेज संपलं, दोघांना नोकऱ्या लागल्या, आणि मी घरी सांगितलं की लग्न याच्याशीच करीन. बाबा आरडाओरडा करणारे नाहीत. त्यांनी फक्त बोलणं बंद केलं. आठ महिने ते जेवायला बसताना माझ्याकडे पाठ करून बसले. मध्येच अमरावतीचं एक स्थळ ठरवून टाकलं, बघायचा कार्यक्रम महालक्ष्म्या झाल्या की पुढच्या आठवड्यात. मला वाटत होतं, एकडोळ्या काहीतरी करील. मी त्याला फोन करून रडले. तो म्हणाला, "आपल्यात असं लग्न आजवर झालं नाही, हे तं खरंच आहे," आणि फोन ठेवला. नंतर कळलं की हेच वाक्य त्यानं बाबांनाही ऐकवलं होतं.

महालक्ष्म्यांचं जेवण आमच्याकडे मोठं असतं. तीस-पस्तीस माणसं पंगतीला, पुरणाचा वास, द्रोणात आंबील. मामा नेहमी आईच्या माहेरचा म्हणून यायचा, त्या वर्षीही आला आणि बरोबर बाबांच्या समोरच्या पाटावर बसला. वाढणं सुरू असताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं बाबांची स्तुती सुरू केली.

"जावईबापूंचं कौतुक आहे बाप्पा मले. पोरीनं तांड्यावरचा पोरगा पाह्यला, पन हे डगमगले नाही. आपल्यात असं होत नाही म्हनून मी सांगतलं, अन् यायनं माझा शब्द राखला. नाही तं यायच्या जागी एखांदा हिंमतीचा असता…"

आणि वाक्य तिथंच सोडून त्यानं द्रोण तोंडाला लावला.

बाबांचा घास हातातच राहिला. माझा शब्द, हे दोन शब्द त्यांच्या कानात गेले होते, त्याच पिळलेल्या कानात. ते म्हणाले, की मी कोणाचा शब्द राखत नसतो. पण मग त्यांनी पंगतीकडे पाहिलं, चुलते, आत्या, शेजारी, आणि ते खाली बघून पुन्हा भात कालवायला लागले. तेव्हा मामा म्हणाला, की तसं लग्न झालंच तर मी त्या मांडवात पाय ठेवणार नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाबा त्याला अरेतुरे बोलले. "नको ठेवू. माझी पोरगी आहे, ती म्हणेल तिथं देईन मी. तू कोण रे?"

पंगतीतला प्रत्येक माणूस साक्षीला होता. अमरावतीचं स्थळ त्याच दुपारी फोनवर मोडलं.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण मी आधी मामाच्या मागे ओट्यावर धावले. चार वर्षं ज्याच्या हातची खिचडी खाल्ली, त्यानं भर पंगतीत माझ्या माणसाला तांड्यावरचा म्हणून मोजलं होतं. मी विचारलं, की तू असा कसा रे निघालास. तो चपला घालत होता. म्हणाला, मी बोललो त्यातलं खोटं काय होतं ते दाखव. मी म्हटलं, आजपासून तू माझा मामा नाहीस. त्यानं पिशवी उचलली आणि बसस्टँडकडे गेला.

लग्न नेरलाच झालं. नवरीला मांडवात आणायचं काम मामाचं, बोहल्यावर तिच्या मागे उभं राहायचं तेही मामाचं. ते काम आईच्या दिग्रसच्या एका चुलतभावानं केलं, ज्याला मी त्याआधी दोनदा भेटले होते. नवरी अंतरपाटापुढे नेसते ती पिवळी साडीही मामाचीच असते. ती कुठून येणार म्हणून आई दोन दिवस गप्प होती. पण आदल्या दिवशी किशोरची आई आली आणि माझ्या हातात एक पुडकं दिलं. आम्ही सगळे तिला याडीच म्हणतो, त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. ती म्हणाली, ही नेसून उभी राहा, सासरकडून आहे. हळदी रंग, हिरवा काठ. आमच्या बायकांनी लगेच एकमेकींना समजावलं, की यांच्यात पिवळी साडी सासरकडून येते वाटतं, किती छान रीत आहे. आईनं ती साडी बराच वेळ मांडीवर घेऊन ठेवली. बाबा मांडवभर छाती काढून फिरत होते. जो भेटेल त्याला सांगत होते, की लग्न मी लावलं, त्याच्या नाकावर टिच्चून.

त्यानंतर चार वर्षं मी मामाशी बोलले नाही. आम्ही ढाणकीला मेडिकल टाकलं, मुलगी झाली, दिवाळीला त्याचा फोन यायचा आणि मी वाजू द्यायचे. एरवी तो फक्त एकडोळ्याबद्दल मेसेज पाठवायचा. नवीन सीझन आला. एकडोळ्यानं मठाधिपतीला गुंडाळलं. पोरगं अजून रडूनच राह्यलं. खुशाली विचारणं नाही, माफी तर नाहीच. मी वाचायचे आणि पुसून टाकायचे. खोटं कशाला बोलू, शेवटचा एक पुसायच्या आधी दोनदा वाचला होता.

मग माझ्या नणंदेचं लग्न निघालं, तांड्यावर. थोरली वहिनी म्हणून माझ्या अंगात आलं होतं. लग्नघटिका जवळ आली तरी नवरदेवाकडचे पिवळी साडी काढेनात. मला वाटलं, विसरले, किंवा चिंगूसपणा करताहेत. मी सरळ नवरदेवाच्या काकूंपुढे गेले आणि चारचौघींत विचारलं, की आमच्या पोरीची सासरची पिवळी साडी कुठं आहे, तुमच्यात रीतभात आहे की नाही. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हसू फुटलं. कोणीतरी म्हणालं, वहिनी, असली कोणतीच रीत आपल्यात नाही. मी ठासून सांगितलं, की आहे, मी स्वतः नेसले आहे. हसणं आणखी वाढलं. माझं तोंड एवढंसं झालं.

याडीनं माझा दंड धरून मला घरामागे नेलं. चुलीवर मोठा डेग चढला होता, तिथं. तिनं मला आधी चूप बसवलं. मग हळूच म्हणाली, "तार मामार छ." तुझ्या मामाची आहे.

माझ्या लग्नाआधी आठ दिवस मामा फुलसावंगीपर्यंत एसटीनं आणि तिथून ऑटोनं तांड्यावर आला होता. बाजेवर बसून दोन कप चहा प्यायला. साडी याडीच्या हातात दिली आणि समजावलं, की ही मी तुम्हाला दिली, म्हणजे आता तुमची झाली. तुम्ही तिला द्या आणि सासरकडून आहे म्हणा, खोटं होत नाही. पुढचं ते लोक आपापलं समजून घेतील. पोरीच्या बापाला कळलं तर तो लग्नाला उभा राहणार नाही, एवढंच बजावून तो शेवटच्या गाडीनं परत गेला. याडीनं ते चार वर्षं पोटात ठेवलं होतं. तिकडे मांडवात बायकांनी ढावलो सुरू केला, पाठवणीचं रडण्याचं गाणं, आणि मी नणंदेच्या आधीच रडायला लागले. सगळ्यांना वाटलं, वहिनीची किती माया.

मी डोक्याला हात लावला. तीन वर्षं त्याच्याशेजारी बसून मी एकडोळ्या पाहिला होता, दोन्ही नियम पाठ होते, आणि तरी मी बह्याडासारखी सही करून बसले. वाक्य अर्धं सोडलं होतं. आमच्यात अशी रीत आहे, असं कोणी म्हणालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यवतमाळ गाठलं. मामा टीव्हीसमोर होता, वाळला होता, शेवटच्या सीझनचा शेवटचा भाग चालू होता. मी दारातूनच सुरू झाले. त्यानं आवाज कमी केला नाही, मला बाजूला सरकून बसायला सांगितलं. पडद्यावर एकडोळ्या जिंकत आला होता, आणि नेमका तेव्हाच कंदीलवाल्या पोराला आपलं सगळं कारस्थान पहिल्यापासून समजावून सांगत होता. तेवढ्या वेळात पोरानं हात सोडवून घेतले आणि एकडोळ्या मेला. मामा फार दुखावला. "सांगतलं कायले यानं? काम झालं होतं न. घरी जाचं होतं गुपचूप."

मी साडीचं विचारलं. तो म्हणाला, कोणती साडी. मी याडीचं नाव सांगितलं, तांडा सांगितला, ऑटो सांगितला. तो म्हणाला, ऑटोनं बरेच लोक जातात. मग मी रडायला लागले आणि म्हटलं, की मी आत्ता नेरला जाते आणि बाबांना सगळं सांगते. तेव्हा कुठं त्यानं टीव्ही बंद केला.

"नको सांगू. एवढ्या वर्षांत एकच तं जिंकले ते. जिंकू दे त्यायले."

निघताना त्यानं मला फाटकापर्यंत सोडलं. मी गाडीला किक मारणार, तेवढ्यात हळूच विचारलं, की धुतल्यावर काठाचा रंग गेला का गं, दुकानदार म्हणाला होता जाणार नाही. मी सांगितलं, नाही गेला. तो बरं म्हणाला आणि आत गेला. सबंध आयुष्यात या कारस्थानी माणसानं दिलेली कबुली ही एवढीच.

त्यानंतर दीड वर्ष मी महिन्यातून एकदा यवतमाळला जायचे. माझी मुलगी त्याच्या मांडीवर बसून जुना पहिला सीझन बघायची, आणि कंदीलवाल्या पोराला टाळ्या वाजवायची. मामाला ते मुळीच आवडायचं नाही. बाबांना मी सांगितलं होतं, की मामा म्हातारा झाला म्हणून जाते. तेही खरंच होतं.

मागच्या उन्हाळ्यात मामा गेला. खांदा द्यायला सगळ्यांत आधी बाबा पुढे झाले. तेरवीला ते माझ्याशेजारी येऊन बसले, उजव्या कानाची पाळी चोळत. म्हणाले, माणूस हट्टी होता, पण वाईट नव्हता. मग म्हणाले, "तुझ्या लग्नाला आला नाही तो. राग नको ठेवूस आता."

आई समोरून आमच्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं की काहीच नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. बाबांना एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. खोटंही बोलता आलं असतं. पण मामानं दोन्हीची सवय लावली नव्हती.

मी म्हटलं, "राग आहे बाबा. मांडवात माझ्या मागे त्यानं उभं राहायला पाहिजे होतं."

बाबांनी जिंकल्यासारखी मान हलवली. मग खिशातून रुमाल काढला आणि तोंडावर धरून बराच वेळ बसून राहिले.